मागून उजवीकडून 'ठक्क' आवाज : १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, बेळगाव

अनगोळची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बाबांची गाडी परत रस्त्यावर आणली आहे. ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, १९६८, १२९६ सीसी, तारांची चाकं. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती अनगोळच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजात (नाव लिहीत नाही) ब्रेक, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग आणि टाकी साफ करून घेतली. तेव्हापासून चालवते आहे.

तक्रार अशी. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागून एक 'ठक्क'. मग शांत. गॅसवरचा पाय उचलला की परत एक, पुन्हा दाबला की परत एक. रिव्हर्सलाही येतो. खड्ड्यात मात्र येत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या खराब तुकड्यावर मुद्दाम क्लच दाबून गाडी सोडून बघितली, चकार आवाज नाही. घोंघावणं नाही, थरथर नाही. परवा चोर्ला घाटात कणकुंबीपासून खाली उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी धरली होती, तिथे प्रत्येक वळणाआधी आणि वळणानंतर ठक्क, ठक्क. परत येईपर्यंत माझ्या पोटात गोळा.

मला आत बसून वाटतं की आवाज गाडीच्या मधून, माझ्या पाठीमागून येतो. आई ओट्यावर बसलेली असते, ती म्हणते, "उजव्या चाकातनं येतोय. आणि तुझ्या बाबांच्या वेळी हा आवाज नव्हता."

गॅरेजवाले म्हणतात डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) पूर्ण हाऊसिंग काढून आतले मुख्य गिअर, क्राऊन-पिनियन, बदला. पार्ट इंग्लंडहून मागवावे लागतील, खर्च मोठा आहे. खर्चापेक्षा मला भीती अशी की बाबांनी इतकी वर्षं जे हाऊसिंग न उघडता जपलं ते उगीच उघडलं जाईल. कुठून सुरुवात करू?

---

निपाणीचा_हेरल्ड

ताई, आधी हाऊसिंगला कुणालाही हात लावू देऊ नका.

माझ्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे. मद्रासला १९६१पासून बनायची ती. तुमची स्पिटफायर हेरल्डच्याच चासीवरून निघाली, दोन्हीचं डिझाइन मिकेलोत्तीचं. मागची रचना सारखीच: डिफरन्शियल चासीला घट्ट बांधलेलं, त्याच्या डोक्यावर आडवा पाटा, आणि दोन्ही बाजूंना चाकापर्यंत जाणारा एकेक दांडा, म्हणजे हाफ शाफ्ट. हाफ शाफ्टच्या आतल्या टोकाला, डिफरन्शियलच्या फ्लँजपाशी (बोल्टने जोडायच्या चकतीपाशी), एक जॉइंट क्रॉस, म्हणजे कोनात वळूनही फिरणारा सांधा. बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि हब, ज्यावर चाक बसतं. चाक वर-खाली होतं तसा अख्खा शाफ्ट त्या एका क्रॉसवर झुलतो. त्यामुळे या क्रॉसला अँबेसिडर-फियाटच्या प्रॉपशाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसपेक्षा कितीतरी जास्त काम पडतं.

तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय त्याच क्रॉसवर. दोन वर्षं एकाच जागी उभी गाडी, आपल्याकडचा पाऊस, शेडमधली ओल. ग्रीस वाळतं, क्रॉसच्या टोप्यांमधल्या बेअरिंगच्या सुया गंजतात.

---

चंदगडकर

तारांची चाकं आहेत म्हणता. स्प्लाइन, म्हणजे चाक ज्या दातांवर सरकून बसतं ते, बघितल्या का? दात झिजून धारदार झाले की नेमका असाच आवाज येतो, गॅस दिल्यावर एक, सोडल्यावर एक. मधला मोठा नट तांब्याच्या हातोड्याने नीट ठोकलेला आहे ना? आणि स्पिटफायरला तारांच्या चाकाचा अ‍ॅडॉप्टर साध्या हबच्या चार स्टडवर बसतो. त्या अ‍ॅडॉप्टरचे चार नटही बघा, चाक काढल्याशिवाय ते दिसतच नाहीत.

---

ईएमई_निवृत्त

बेटा, मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, २४ वर्षं गाड्याच केल्या, आता हिंडलग्याला असतो. तुझं वर्णन फार चांगलं आहे. खड्ड्यात आवाज नाही आणि क्लच-गॅसला आहे, या एका ओळीने निम्मं काम झालं.

खड्ड्यात आवाज आला असता तर डँपर, रेडियस आर्मचे बुश, पाट्याचा डोळा, सायलेन्सरचं रबर, ही मंडळी बघितली असती. चाकाच्या फेऱ्याबरोबर टक टक टक असा ताल धरला असता तर चाक किंवा हाफ शाफ्ट. त्याच्या चौपट वेगाने आला असता तर प्रॉपशाफ्ट, कारण मार्क ३च्या डिफरन्शियलचा रेशो ४.११ आहे, चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे चारच्या वर फेरे होतात. फक्त वळतानाच आला असता तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर. तुझा आवाज ओढीची दिशा बदलली की एकदाच येतो. म्हणजे कुठेतरी खेळ साठला आहे. इंजिन ओढतं तेव्हा तो एका बाजूला आपटतो, चाक इंजिनला ओढतं तेव्हा दुसऱ्या बाजूला.

हा खेळ क्लचपासून टायरपर्यंत कुठल्याही सांध्यात असू शकतो. सांध्यामागून सांधा बघायचा. एक बाजू धरायची, दुसरी हलवायची, आणि डोळा सांध्यावर ठेवायचा. कानावर विसंबू नकोस. चासी लोखंडी आहे, आवाज तिच्यातून फिरतो आणि भलत्याच जागी बाहेर पडतो. आईंचं ऐक मात्र, त्या गाडीच्या बाहेर आहेत.

कसं करायचं ते सांगतो. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय अजिबात नाही. आणि चासी उचलून मागची चाकं लोंबकळती ठेवू नकोस. तुझ्या गाडीत चाकं लोंबली की हाफ शाफ्ट तिरका होतो, क्रॉस टोकाच्या कोनावर जाऊन आवळतो आणि असलेला खेळ लपतो. शक्यतो रॅम्पवर घे, म्हणजे वजन चाकांवर राहील.

मग इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. प्रॉपशाफ्ट हाताने दोन्हीकडे फिरव. पुढचा क्रॉस, मागचा क्रॉस, डिफरन्शियलची फ्लँज, दोन्ही हाफ शाफ्टचे क्रॉस, प्रत्येकावर बॅटरी मारून बघ. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी थांबली तर तिथे खेळ. डिफरन्शियलच्या फ्लँजला थोडा खेळ असतोच, त्याने घाबरायचं नाही. तिथे ८ अंश दिसले तरी चाकापाशी ते ४.११ने भागून दोन अंशांच्या आत येतात.

डिफरन्शियल चासीला ज्या रबरावर बसतं ते बघायला दुसरी युक्ती. मोबाईल जमिनीवर ठेवून व्हिडिओ चालू कर, कॅमेरा डिफरन्शियलच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे. मग इंजिन चालू करून, हँडब्रेक आवळून, पहिला गिअर टाकून, क्लच अगदी किंचित सोड आणि परत दाब. नाक किती उचलतं ते व्हिडिओत दिसेल. त्या वेळी गाडीखाली, पुढे, मागे कुणीही नको.

---

सीमाभाग_गाडीवेडा

एवढं सगळं करण्यापेक्षा स्टँडर्ड गॅझेलचा (हेरल्डनंतरची स्टँडर्डची गाडी) मागचा अ‍ॅक्सल मिळतो का बघा. अखंड आहे, झुलते शाफ्टच नाहीत, आयुष्यभराची कटकट जाते.

---

निपाणीचा_हेरल्ड

गॅझेलला अखंड अ‍ॅक्सल दिला होता ते खरं, हेरल्डचे झुलते शाफ्ट आपल्याकडच्या मिस्त्र्यांना आणि मालकांनाही नकोसे झाले होते म्हणूनच. पण तो स्पिटफायरला लावायचा म्हणजे पाटे, चासीवरचे ब्रॅकेट, प्रॉपशाफ्ट, सगळं नव्याने. एका आवाजासाठी गाडीची मागची बाजूच बदलायची? ताईंच्या बाबांची गाडी आहे ती. तशीच राहू द्या.

---

अनगोळची_लेक

काल रविवार सगळा यात गेला. आतेभाऊ मदतीला होता. ओळीने लिहिते.

डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या स्प्लाइन बघितल्या, @चंदगडकर. दात बोथटच आहेत, धार आलेली नाही. अ‍ॅडॉप्टरचे चारही नट घट्ट. स्प्लाइनला ग्रीस लावून चाकं परत बसवली.

डिफरन्शियलचं नाक व्हिडिओत बोटाच्या पेराएवढंही उचलत नाही. रबर ठीक वाटतं.

प्रॉपशाफ्टचे दोन्ही क्रॉस पक्के. डिफरन्शियलच्या फ्लँजच्या कडेला चिकटपट्टीची खूण केली, ती साधारण ६ मिलिमीटर पुढे-मागे होते. डावा हाफ शाफ्ट क्रॉस पक्का.

उजवा सापडला! फ्लँज हलते, मग क्षणभराने शाफ्ट हलतो. क्रॉसच्या टोपीच्या कडेला तपकिरी पूड जमली आहे, कुंकवासारखी बारीक. बोटाला लावली तर रेशमासारखी लागते. आई बरोबर होती.

---

उद्यमबागचा_टर्नर

ताई, ती पूड म्हंजे सुया खलास बगा. ग्रीस सुकलं, पाणी गेलं, सुया जागच्या जागी घासून गंज झाला. आता त्यात ग्रीस पंप मारून काय उपयोग न्हाई.

काडताना तेवडं एक ऐका. योकवर, म्हंजे क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या तुकड्यावर, हातोडा मारत बसू नका. योकचे कान वाकले की नवीन क्रॉस आवळ बसतो आणि म्हैन्याभरात परत जातो. टोप्या अडकवणाऱ्या सर्क्लिप चारी काडा, शाफ्ट व्हाईसमदी धरा, एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठं, आणि व्हाईस आवळत टोपी ढकला. न्हाईतर इकडं घेऊन या, प्रेसवर दोन मिनिटांचं काम. नवीन बसवताना एकबी सुई आडवी पडली तर टोपी पूर्ण आत जात न्हाई, सर्क्लिप बसत न्हाई. तवा जोर लावायचा न्हाई, परत काडून बगायचं.

दुकानात "हेरल्डचा द्या" म्हणून आणू नका. जुना क्रॉस हातात घेऊन जावा. टोपीचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतचं माप व्हर्नियरनं घ्या, दोनी जुळले तरच घ्या. डब्यावर लिव्हलेलं आणि आत असलेलं येगळं निघतंय कधीकधी.

---

अनगोळची_लेक

काका, शाफ्ट घेऊन आले होते ते तुमच्याकडेच. प्रेसवरून निघालेल्या टोपीत सुयांच्या जागी लाल चिखल होता आणि क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे ओळीने खड्डे. तुम्ही पैसे घेतले नाहीत म्हणून इथे सगळ्यांसमोर आभार.

पण मंडळी, आवाज गेला नाही.

कमी झाला. आधी 'ठक्क' होता, आता 'टक्' आहे, कोरडा आणि बारीक. क्लच अगदी हळू सोडला तर येतही नाही. पण घाटासारखं गॅस-सोड, गॅस-सोड केलं की येतोच. कालची रात्र झोप लागली नाही. आता हाऊसिंगच राहिलं का?

---

सीमाभाग_गाडीवेडा

मग डिफरन्शियलचे थ्रस्ट वॉशर. जुन्या इंग्लिश गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. आतल्या सन गिअरच्या (हाफ शाफ्टला फिरवणाऱ्या गिअरच्या) मागचे वॉशर झिजतात, गिअर आत-बाहेर सरकतात, खेळ वाढतो.

---

ईएमई_निवृत्त

झिजतात, मान्य. पण ६ मिलिमीटर फ्लँजच्या कडेला म्हणजे ७-८ अंश, चाकापाशी दोनच्या आत. एवढ्या जुन्या डिफरन्शियलला हा खेळ मी चालू देईन. शिवाय आवाज सहा महिन्यांत सुरू झाला. वॉशर असे एकाएकी झिजत नाहीत, तो आवाज वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो आणि आईंना तो आधीपासून माहीत असता.

सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं? पहिल्याच पोस्टमध्ये तू लिहिलं आहेस, मी वाचून पुढे गेलो, चूक माझी. उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं. त्यासाठी हब शाफ्टवरून उतरवावा लागतो. निपाणीकर, तुमच्या हेरल्डचा हब शाफ्टवर कसा बसतो ते सांगा.

---

निपाणीचा_हेरल्ड

अरे देवा. टेपरवर. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हबचं निमुळतं भोक, मध्ये अर्धचंद्रासारखी वूडरफ चावी, आणि बाहेरून एक नट. हा हब उतरवणं हे हेरल्डवाल्यांचं सगळ्यात मोठं दुखणं. साधा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावला तर पुलरच वाकतो. मी त्यासाठी जाड प्लेटचा, चारही स्टडला धरणारा पुलर करून घेतला आहे.

---

ईएमई_निवृत्त

तर मग बेटा, तू सांधे बघितलेस ते गिअरबॉक्सपासून क्रॉसपर्यंत. एक सांधा राहिला, शेवटचा, शाफ्ट आणि हबमधला. क्रॉसचा खेळ मोठा होता म्हणून तो झाकला गेला.

उजवं चाक काढ, तारांचा अ‍ॅडॉप्टर काढ. मधोमध शाफ्टचं टोक आणि नट दिसेल. साफ पूस. पांढऱ्या रंगाने एकच सरळ रेघ मार, शाफ्टच्या टोकावरून, नटवरून, हबच्या तोंडावर. रंग पूर्ण वाळू दे. मग हँडब्रेक ओढ. हँडब्रेक ड्रम धरतो, ड्रम हबला बांधलेला, म्हणजे हब जागचा हलणार नाही. आता हाफ शाफ्टला पट्टा गुंडाळून दोन्हीकडे पीळ दे आणि रेघेकडे बघ.

---

अनगोळची_लेक

हात थरथरताहेत, तरी लिहिते.

नेलपेंटने रेघ मारली, आईची जुनी पांढरी बाटली होती. अर्धा तास वाळू दिली. आतेभावाने आतल्या बाजूने शाफ्टला सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून पीळ दिला. मी समोर बसले होते, बॅटरी दातात धरून. पहिल्या पिळालाच रेघ तुटली. शाफ्टच्या टोकावरचा तुकडा हबवरच्या तुकड्यापासून नखाच्या जाडीएवढा सरकला, उलटा पीळ दिला की परत येऊन जुळला. आणि जुळताना 'टक्'. तोच आवाज. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

नटला साधा पान्हा लावला तर हाताने फिरला. हाताने! मी त्या चाकावर चोर्ला घाट उतरून आले.

---

ईएमई_निवृत्त

गाडी जागेवरून हलवायची नाही. नट आवळून "बघू काही दिवस" असंही नाही. चावी कापली गेली तर त्या चाकाची ओढ जाते. नट पूर्ण निघाला तर हबच शाफ्टवरून सुटून येऊ शकतो.

---

निपाणीचा_हेरल्ड

पुलर उद्या सकाळच्या एसटीने पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे. सेंट्रल बसस्टँडवर घ्या. जड आहे, कुणाला तरी बरोबर न्या. पुलर आवळून ठेवा आणि मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक सरळ फटका. शाफ्टच्या आट्यांना जपा, नट उलटा करून टोकाशी समतल लावून ठेवा.

---

उद्यमबागचा_टर्नर

हब आणि शाफ्ट कालच माझ्याकडं आलेत. ताईंनी सांगितलं म्हणून लिवतो.

चावीला दोनी बाजूनं पायरी पडलीया. जुनीच चावी परत घातली हुती, नवीन न्हाई. हबची खाच फाकलीया. शाफ्टची खाच चांगली हाय, नशीब. शाफ्टच्या टेपरवर तीच तपकिरी पूड, आणि त्याखाली तेल. म्हंजे बसवताना टेपर पुसलाच न्हवता, आणि नटबी टॉर्कवर आवळला न्हवता.

लोकांना वाटतं चावी चाक फिरवती. तसं न्हाई. टेपर कोरडा, स्वच्छ आणि घट्ट बसला की त्याच्या पकडीवर सगळी ओढ जाती. चावी फक्त सोबतीला. पकड गेली की सगळा मार चावीवर येतो, आणि तेवड्याशा चावीला तो झेपत न्हाई.

शाफ्टच्या टेपरला ब्लू (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून चांगल्या भोकात फिरवून बगितलं, सगळीकडं सारका डाग उठतोय. शाफ्ट वापरायचा. हब बदलायचा. खाच वेल्डिंगनं भरून परत कापून दिऊ काय म्हणून ताईंनी इचारलं, मी न्हाई म्हटलं. वेल्डिंगनं हब तापून वाकडा हुतो आणि टेपर जातो. चाकाचं काम हाय, तिथं जुगाड मी करत न्हाई.

---

चंदगडकर

+१. काका, हे असं स्पष्ट सांगणारा माणूस मिळणं मोठी गोष्ट आहे.

---

अनगोळची_लेक

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. इंग्लंडहून हब, चावी आणि नट आले. टेपर दोन्हीकडून थिनरने पुसले, चावी बोटाने दाबून बसवली, हब सरकवताना चावी मागे सरकत नाही ना ते तीनदा बघितलं. जुना नट परत वापरला नाही. टॉर्क पान्हा उद्यमबागच्या काकांचा, आकडा मॅन्युअलमधला. रेघ पुन्हा मारली, या वेळी लाल नेलपेंटने.

पहिल्या दिवशी फक्त जवळच्या आरपीडी चौकापर्यंत. दुसऱ्या दिवशी खानापूर रोडने पुढे जाऊन परत. घरी येऊन अ‍ॅडॉप्टर काढला, रेघ अखंड. टॉर्क परत तपासला, नट हलला नाही. मग काल जांबोटीमार्गे चोर्ला. कणकुंबीच्या उतारावर खिडक्या खाली करून, दुसऱ्या गिअरवर, गॅस-सोड, गॅस-सोड. फक्त इंजिन आणि वारा. सायलेन्सरचं एक रबर खड्ड्यात वाजतं, ते पुढच्या आठवड्यात.

परत आले तेव्हा आई ओट्यावरच होती. गाडी शेडमध्ये लावली, रिव्हर्स घेतला, क्लच सोडला. ती काही बोलली नाही, आत जाऊन दोन कप चहा टाकला.

डावी बाजूही उघडून रेघ मारून बघितली. पक्की आहे. ती बाबांनी स्वतः बसवलेली.

@निपाणीचा_हेरल्ड, पुलर तेलाने पुसून फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. एसटीने पाठवत नाही, रविवारी गाडी घेऊन स्वतः येते, सोबत कुंदा. तुमच्या हेरल्डच्या दोन्ही हबवर तेव्हाच रेघ मारू, नेलपेंट मी आणते.